कॉक्लिअर इम्प्लांट आणि बहिरेपणाची कारणे : संशोधनाचा आढावा

मानवी ज्ञानेंद्रियांपैकी ज्याचे काम विद्युत्‌यंत्राकडून बऱ्याच अंशी करून घेता आले, असे आजवर एकच इंद्रिय आहे आणि ते म्हणजे कान. आतल्या कानात तारेसारखी बारीक विद्युदग्रांची माळ सरकवून श्रवणाच्या मज्जातंतूला थेट चेतना देणारी कॉक्लिअर इम्प्लांट ही उपकरणे २०१९च्या अखेरपर्यंत जगभरात सुमारे ७ लाख ३७ हजार इतक्या संख्येने बसवली गेली होती, आणि जन्मापासून काहीच ऐकू न येणारे मूल त्यांच्या आधाराने सर्वसाधारण शाळेत शिकते, फोनवर आजीशी बोलते, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. तरीही एकाच बनावटीचे यंत्र सारख्याच शस्त्रक्रियेने बसवलेल्या दोन मुलांपैकी एक काही वर्षांत गोष्टी सांगू लागते आणि दुसरे मोजक्या शब्दांपुढे जात नाही, हेही या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येक केंद्राला ठाऊक आहे. हा फरक कशामुळे पडतो, या प्रश्नाभोवती गेल्या तीन दशकांतील बरेचसे संशोधन फिरत आले आहे. ते सलग वाचले असता असे दिसते की यंत्राची मूलभूत रचना १९९०च्या दशकातच बरीचशी स्थिरावली असून, त्यानंतर निकालातला मोठा फरक यंत्राच्या बाहेर, म्हणजे कान कोणत्या आजाराने गेला, तो जाऊन किती काळ लोटला आणि यंत्र बसल्यावर त्या माणसाशी कोण किती बोलले, यांतून येत गेला आहे.

हे समजण्यासाठी आधी निरोगी कानाचे काम पाहणे आवश्यक आहे. हवेतून आलेल्या कंपनांनी कानाचा पडदा हलतो, पडद्याला चिकटलेली तीन इवल्या हाडांची साखळी ती कंपने पुढे नेते आणि आतल्या कानातील द्रवात ढकलते, इथवरचा सारा व्यवहार यांत्रिक असतो. आतल्या कानातील कॉक्लिया, म्हणजेच कर्णावर्त, ही सुमारे अडीच वेढ्यांची आणि उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर भरेल अशी नळी असून तिच्या लांबीभर एक पातळ पटल ताणलेले असते. या पटलाचा तोंडाकडचा भाग अरुंद व ताठ असल्याने तो उंच स्वरांना, तर टोकाकडचा रुंद व सैल भाग खर्जाच्या स्वरांना प्रतिसाद देतो, आणि कंपनांचा प्रवास या पटलावरून कसा होतो हे दाखवून देणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पटलावर रांगेने उभ्या असलेल्या केशपेशी, म्हणजे डोक्यावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, कंपनांचे विद्युत्‌संदेशात रूपांतर करतात. त्यांपैकी मेंदूला माहिती पुरवणाऱ्या आतल्या ओळीतील पेशी एका कानात जेमतेम ३,५०० असतात आणि बाहेरच्या ओळींतील सुमारे १२,००० पेशी पटलाची कंपने वाढवून क्षीण आवाज टिपायला मदत करतात. माणसाच्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये मात्र त्या पुन्हा तयार होतात, हे १९८८ साली सिद्ध झाले आणि तेव्हापासून सस्तन प्राण्यांत तसे घडवता येईल का, याचा शोध सुरू आहे.

कानाच्या आजारांची विभागणी या रचनेवरूनच होते. पडदा किंवा हाडांची साखळी बिघडली तर आवाज आत पोहोचत नाही, पण आतला कान शाबूत राहतो, म्हणून या प्रकारच्या बहिरेपणावर शस्त्रक्रियेने किंवा साध्या श्रवणयंत्राने चांगला उपाय होतो. भारतात या गटातला सर्वांत मोठा आजार म्हणजे ज्याला घरोघर नुसते ‘कान फुटणे’ किंवा ‘कान वाहणे’ म्हणतात तो मध्यकर्णाचा जुनाट पूयुक्त दाह होय. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली या आजाराच्या प्रमाणानुसार देशांची जी विभागणी केली, तीत भारताचा समावेश चार टक्क्यांहून अधिक प्रमाण असलेल्या, म्हणजे सर्वांत वरच्या गटात होता. वाहणाऱ्या कानात गरम तेल ओतणे, कापूस कोंबणे आणि पावसाळा संपला की कान आपोआप सुकेल म्हणून वाट पाहणे या सवयींमुळे पडद्याचे छिद्र वर्षानुवर्षे तसेच राहते. यातलाच कोलेस्टिआटोमा नावाचा प्रकार, ज्यात पडद्याच्या आत त्वचेची पिशवी तयार होऊन ती आजूबाजूचे हाड पोखरत जाते, तो तर चेहऱ्याच्या मज्जातंतूपर्यंत आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. याउलट केशपेशी किंवा त्यांच्यापासून निघणारा मज्जातंतू पुरता बिघडला तर आवाज कितीही मोठा केला तरी उपयोग होत नाही, कारण संदेश तयार करणारी यंत्रणाच उरलेली नसते. कॉक्लिअर इम्प्लांट या दुसऱ्या गटासाठी आहे, आणि तेही केशपेशी गेल्या पण मज्जातंतू बऱ्यापैकी शिल्लक आहे अशा कानांसाठी.

विजेने कानात आवाज निर्माण होतो, हे ठाऊक होऊन दोन शतके उलटली. विद्युत्‌घटाचा शोध लावणाऱ्या आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी स्वतःच्या दोन्ही कानांत धातूच्या सळ्या घालून प्रवाह सोडला आणि डोक्यात धक्का बसून काहीतरी उकळत असल्यासारखा आवाज आल्याचे १८०० साली नोंदवले. मात्र बधिर माणसाला त्याचा उपयोग होऊ शकेल, या दिशेने पहिले ठोस पाऊल पॅरिसमध्ये १९५७ साली पडले. तेथे आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी कोलेस्टिआटोमाच्या शस्त्रक्रियांनंतर दोन्ही कानांनी पूर्ण बहिऱ्या झालेल्या रुग्णाच्या श्रवणतंतूवर विद्युदग्र बसवला, आणि त्या रुग्णाला बोलण्याची लय कळू लागली, काही मोजके शब्द ओळखता आले, परंतु यंत्र लवकरच बंद पडले. लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस यांनी १९६१मध्ये तोच धागा उचलला आणि पुढे एकच विद्युदग्र असलेले यंत्र रुग्णांना नियमितपणे बसवायला सुरुवात केली. त्या काळात शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी हाउस यांच्यावर कठोर टीका केली. तीस हजार तंतूंचे काम एका तारेने होईल ही कल्पनाच त्यांना अशास्त्रीय वाटत होती, आणि ऐकण्याच्या सूक्ष्मतेबाबत त्यांचे म्हणणे खरेही होते. परंतु अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंस्थेने केलेल्या १९७७च्या तपासणीत, एकाच विद्युदग्राच्या यंत्राने शब्द समजत नसले तरी ओठ वाचायला आणि स्वतःच्या आवाजावर ताबा ठेवायला निश्चित मदत होते, असे आढळले, आणि त्या अहवालाने या विषयाला मान्यता मिळवून दिली. हाउस यांचे श्रेय या अर्थाने मोठे आहे की अपुरे असले तरी काम करणारे यंत्र हाती असल्याशिवाय पुढचे प्रश्न विचारताच आले नसते.

अनेक विद्युदग्रांचे यंत्र व्हिएन्ना आणि मेलबर्न येथे जवळजवळ एकाच वेळी सिद्ध झाले. इन्गेबोर्ग व एर्विन होखमायर या अभियंता दांपत्याचे यंत्र डिसेंबर १९७७मध्ये व्हिएन्नात बसवले गेले, तर ग्रॅम क्लार्क यांचे १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नमध्ये. विद्युदग्रांची माळ कर्णावर्ताच्या वळणांत इजा न करता किती आत सरकेल, ही क्लार्क यांची मोठी अडचण होती. समुद्रकिनाऱ्यावर सापडलेल्या शंखात गवताची पाती सरकवून पाहताना, टोकाला लवचीक आणि बुंध्याकडे हळूहळू ताठ होत जाणारी वस्तू सर्वांत खोल जाते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि माळेची रचना त्या तत्त्वावर ठरली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हाउस यांच्या यंत्राला १९८४मध्ये, क्लार्क यांच्या २२ विद्युदग्रांच्या यंत्राला १९८५मध्ये प्रौढांसाठी आणि १९९०मध्ये दोन वर्षांवरील मुलांसाठी परवानगी दिली. पुढे ही वयोमर्यादा २००० साली बारा महिन्यांवर आणि २०२० साली नऊ महिन्यांवर आली.

मात्र बोलणे स्पष्ट कळू लागले ते विद्युदग्रांची संख्या वाढल्यामुळे नव्हे. नॉर्थ कॅरोलायनातील ब्लेक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ध्वनिसंस्काराची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिने हा पल्ला गाठला. तिच्यात मायक्रोफोनवर आलेला आवाज स्वरांच्या उंचीनुसार काही पट्ट्यांत विभागला जातो, प्रत्येक पट्टीतील आवाजाचा चढउतार तेवढा वेगळा काढला जातो आणि त्या चढउतारानुसार लहानमोठे स्पंद त्या-त्या विद्युदग्राला आळीपाळीने पाठवले जातात, जेणेकरून एकाच क्षणी दोन विद्युदग्र सुरू होऊन त्यांचे प्रवाह एकमेकांत मिसळू नयेत. चार वर्षांनी रॉबर्ट शॅनन यांच्या गटाने चांगले ऐकू येणाऱ्या माणसांना असाच ‘गाळलेला’ आवाज ऐकवला, आणि केवळ चार पट्ट्यांतील चढउतारांवरूनही शांत खोलीतील वाक्ये समजतात, हे दाखवून दिले. बोली भाषेत गरजेपेक्षा कितीतरी जास्त खुणा असतात आणि मेंदू थोडक्यांवर काम भागवतो, हा या प्रयोगाचा खरा धडा असून कॉक्लिअर इम्प्लांटचे सगळे यश आणि त्याच्या सगळ्या मर्यादा त्यातूनच निघतात. क्लार्क, इन्गेबोर्ग होखमायर आणि विल्सन या तिघांना २०१३ साली लास्कर पुरस्कार मिळाला, तो या एकत्रित कामासाठी.

मर्यादा कोणत्या, ते नेमके पाहण्यासारखे आहे. माळेवर १२ ते २२ विद्युदग्र असले तरी कर्णावर्तातील द्रव खारट आणि वीजवाहक असल्याने प्रत्येकाचा प्रवाह आजूबाजूला पसरतो आणि पेटीवर बोटाने एक पट्टी दाबण्याऐवजी तळहाताने पाच-सहा पट्ट्या एकदम दाबल्या जाव्यात तसे घडते. प्रत्यक्षात स्वतंत्रपणे उपयोगी पडणाऱ्या वाटा बहुतेकांच्या बाबतीत आठच्या आसपासच भरतात. शांत खोलीत एवढ्या वाटा पुरतात, पण लग्नघरात किंवा वर्गाच्या गोंगाटात एक आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढायला त्या पुरत नाहीत. शिवाय आवाजाच्या लाटेतील बारीक कंपने संस्कारात गाळली जात असल्याने स्वराची उंची अत्यंत ढोबळपणे कळते. परिणामी तबल्याचा ठेका यंत्रातून बऱ्यापैकी ओळखू येतो, परंतु कोमल ऋषभ आणि शुद्ध ऋषभ यांतील अर्ध्या सुराचा फरक बहुतेक वापरकर्त्यांना कळत नाही, आणि रागसंगीत ऐकण्याचा आनंद ज्यांनी बहिरे होण्यापूर्वी घेतला होता त्यांना हे नुकसान फार जाणवते. दोन्ही कानांत यंत्रे असली तरी अडचण उरते. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे निरोगी श्रवणसंस्था दोन कानांवर पोहोचलेल्या लाटांतील सेकंदाच्या एक लक्षांश भागाएवढ्या फरकावरून ओळखू शकते, आणि दोन स्वतंत्र यंत्रे आपापल्या घड्याळाप्रमाणे स्पंद सोडत असल्याने तो फरक पुसला जातो. तेव्हा आवाजाची दिशा कळते ती मुख्यतः कोणत्या कानात तो मोठा वाटला यावरून.

मराठीच्या दृष्टीने या मर्यादांचा विचार अजून पुरेसा झालेला नाही. व्यंजनांचे घोषत्व, महाप्राणत्व आणि अनुनासिकत्व यांच्या खुणा बऱ्याच अंशी आवाजाच्या काळातील चढउतारांत असतात, म्हणून ‘पट’ आणि ‘फट’ यांतील भेद यंत्राला तुलनेने झेपतो. जिभेचे टोक दातांना लागले की टाळूकडे वळले, याच्या खुणा मात्र स्वरपट्ट्यांच्या बारीक रचनेत असतात आणि उच्चारस्थान ओळखणे हेच इम्प्लांट वापरणाऱ्यांना सर्वांत अवघड जाते, असे अनेक भाषांतील चाचण्यांतून दिसले आहे. ‘पाट’ आणि ‘पात’, ‘काळ’ आणि ‘काल’, ‘मान’ आणि ‘माण’ अशा जोड्यांनी भरलेल्या भाषेत वाचा-उपचाराचा भर कुठे असावा, हे इंग्रजीसाठी तयार झालेल्या शब्दयाद्यांवरून ठरवता येणार नाही, आणि या कामाला महाराष्ट्रातील भाषाशास्त्रज्ञांनी हात घालणे निकडीचे आहे.

शस्त्रक्रिया साधारण दोन-तीन तासांची असते. कानामागच्या हाडात ड्रिलने वाट करून, चेहऱ्याचा मज्जातंतू आणि जिभेकडे जाणारी चवीची शाखा यांच्यामधल्या काही मिलिमीटरच्या फटीतून मध्यकर्णात पोहोचायचे आणि कर्णावर्ताच्या गोल खिडकीतून माळ अतिशय सावकाश आत सरकवायची, असा तिचा क्रम आहे. मुंबईचे मिलिंद कीर्तने यांच्यासारख्या शल्यविशारदांनी भारतात ही शस्त्रक्रिया रुजवली, आणि त्यांना २०१४मध्ये पद्मश्री मिळाली. पण शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाला काहीच ऐकू येत नाही. जखम भरल्यावर तीन-चार आठवड्यांनी कानामागे बाहेरचा भाग लावून यंत्र सुरू केले जाते आणि तेव्हा ‘मॅपिंग’ हे खरे किचकट काम सुरू होते. श्रवणतज्ज्ञ संगणकावरून एकेका विद्युदग्राला प्रवाह देऊन, तो किती असताना आवाज जेमतेम जाणवतो आणि किती झाल्यावर नकोसा होतो, या दोन पातळ्या ठरवतात. दीड-दोन वर्षांचे मूल हे सांगू शकत नाही, म्हणून आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा असा खेळ त्याला शिकवला जातो आणि तोही न जमणाऱ्या बाळाच्या बाबतीत त्याचे थबकणे, डोळे विस्फारणे किंवा एकदम रडू फुटणे हाच पुरावा मानावा लागतो. पुढे घरी आई तोंड झाकून ‘म’, ‘ऊ’, ‘ई’, ‘आ’, ‘श’, ‘स’ हे सहा ध्वनी रोज म्हणून पाहते, कारण खर्जापासून उंच पट्टीपर्यंतचे बोलण्याचे सारे क्षेत्र त्यांत येते आणि एखादा ध्वनी अचानक कळेनासा झाला तर यंत्रात किंवा मॅपमध्ये बिघाड असल्याचे लगेच समजते. मॅप पहिल्या वर्षात अनेकदा बदलावा लागतो. ज्या गावाहून केंद्र दोनशे किलोमीटर लांब आहे, तेथील मुलाचा मॅप महिनोन्‌महिने जुनाच राहतो आणि लाखोंचे यंत्र अर्ध्या ताकदीने चालते, हा प्रकार दुर्मीळ नाही.

लहान मुलांच्या बाबतीत निर्णायक ठरणारा घटक वय आहे, याबद्दल आता फारसा वाद राहिलेला नाही. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाज ऐकल्यावर मेंदूच्या श्रवणकेंद्रात उमटणाऱ्या विद्युत्‌लहरीला लागणारा वेळ मोजला आणि २००२ साली असे दाखवले की साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांत हा वेळ काही महिन्यांत वयाला साजेसा होतो, तर सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांत तो तसा होत नाही. न वापरलेले श्रवणकेंद्र रिकामे पडून राहत नाही, त्याचा काही भाग दृष्टी आणि स्पर्श यांच्याकडे जातो. जन्मतः बधिर मांजरांवरील आंद्रेय क्राल यांच्या अभ्यासांनीही याच निष्कर्षाला बळ दिले. अमेरिकेतील सहा केंद्रांनी १८८ मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करून २०१०मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत दीड वर्षाच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांची भाषेची वाढ ऐकू येणाऱ्या मुलांच्या वाढीशी सर्वांत जवळची आढळली. त्याच अभ्यासात पालक मुलाशी किती आणि कसे बोलतात, याचाही प्रगतीशी स्पष्ट संबंध दिसला.

प्रौढांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. बोलायला शिकल्यानंतर बहिऱ्या झालेल्या २,२५१ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१३ साली झालेल्या अभ्यासात बहिरेपणाचा काळ, तो सुरू झाला ते वय, त्याचे कारण आणि इम्प्लांटचा अनुभव हे घटक महत्त्वाचे ठरले खरे, परंतु ते सारे मिळूनही रुग्णारुग्णांतील फरकाचा थोडाच भाग उलगडला. उरलेला भाग माळ नेमकी कुठे बसली, किती तंतू जिवंत आहेत आणि मेंदूची लक्ष देण्याची, आठवण्याची क्षमता किती, यांत शोधला जात आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी ‘तुम्हाला किती कळेल’ या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर आजही कोणी देऊ शकत नाही, आणि तसे आश्वासन देणारी जाहिरात दिशाभूल करते.

आता कारणांकडे वळले की इम्प्लांट आणि आजार यांचे नाते अधिक उघड होते. जन्मजात बहिरेपणाच्या आनुवंशिक कारणांत कनेक्सिन २६ या प्रथिनाच्या जनुकातील बिघाड जगभर अग्रस्थानी असून भारतीय कुटुंबांतही तो वारंवार आढळतो. जवळच्या नात्यांतील विवाह, ज्यांत आते-मामे भावंडांची लग्ने येतात, अशा दोष असलेल्या जनुकांच्या दोन प्रती एकाच मुलात येण्याची शक्यता वाढवतात. या बिघाडात दोष केशपेशींच्या आसपासच्या आधारपेशींत असतो आणि मज्जातंतू सुरक्षित राहतो, त्यामुळे ही मुले इम्प्लांटला सहसा चांगला प्रतिसाद देतात. मेंदूज्वराची गोष्ट उलट आहे. जीवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात संसर्ग आतल्या कानात शिरला तर बरे झाल्यावर कर्णावर्तात हाड भरू लागते, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत माळ सरकवायला जागाच उरत नाही, म्हणून अशा रुग्णाची श्रवणतपासणी ताबडतोब होणे अत्यावश्यक ठरते. नवजात बाळाची तीव्र कावीळ बऱ्याचदा केशपेशींऐवजी तंतूंतील संदेशवहन विस्कळीत करते आणि तेथे इम्प्लांटचा निकाल बेभरवशाचा असतो. ज्यांचे श्रवणतंतूच गाठींमुळे गेले आहेत, त्यांच्यासाठी थेट मेंदूच्या देठावर विद्युदग्र बसवण्याचा उपाय हाउस व हिट्सेलबर्गर यांनी १९७९मध्ये केला, मात्र त्यातून मिळणारे श्रवण बहुधा आवाजाची जाणीव आणि ओठवाचनाला आधार यांपुरतेच राहते.

मेंदूज्वर आणि इम्प्लांट यांचा संबंध दुसऱ्या दिशेनेही आहे. एका बनावटीच्या यंत्रात माळ कर्णावर्ताच्या आतल्या भिंतीला चिकटून राहावी म्हणून एक जादा पट्टी घातली जात असे. ती बसवलेल्या मुलांत मेंदूज्वराचे प्रमाण वाढल्याचे लक्षात आल्यावर २००२मध्ये ती बाजारातून काढून घेण्यात आली. अमेरिकेतील ४,२६४ मुलांच्या पाहणीत २६ मुलांना मेंदूज्वर झाल्याचे आढळले आणि न्यूमोकॉकस जीवाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे प्रमाण सर्वसाधारण मुलांच्या तीसपटींहून अधिक भरले. तेव्हापासून शस्त्रक्रियेपूर्वी न्यूमोकॉकसची लस देणे हा नियम झाला. ज्या मुलाचा कान वाहतो त्याच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण माळ संसर्ग झालेल्या मध्यकर्णातूनच आत जाते. आधी कान कोरडा करून, कोलेस्टिआटोमा असेल तर तो समूळ काढून, गरज पडल्यास मध्यकर्णाची पोकळी कायमची बंद करूनच दुसऱ्या टप्प्यात इम्प्लांट बसवले जाते.

टाळता येण्याजोग्या कारणांचा वाटा मोठा आहे. गरोदरपणी झालेल्या रुबेलामुळे बाळ डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन जन्मते, हे सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१मध्ये ओळखले आणि लवकरच बहिरेपणाचाही संबंध पुढे आला. भारतात गोवर-रुबेलाची व्यापक लसीकरण मोहीम २०१७मध्ये सुरू झाली व महाराष्ट्रात ती २०१८च्या अखेरीस पोहोचली. अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविके, ज्यांत स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन आणि कॅनामायसिन येतात, केशपेशींना कायमची इजा करू शकतात, आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगासाठी महिनोन्‌महिने अशी इंजेक्शने घेणाऱ्या किती तरी रुग्णांनी जीव वाचवताना कान गमावले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये कॅनामायसिन वगळण्याची आणि पुढे केवळ पोटातून घेण्याच्या औषधांवर भर देण्याची शिफारस केली, हा श्रवणाच्या दृष्टीनेही फार मोठा बदल आहे. पेशींतील तंतुकणिकांच्या जनुकात एक विशिष्ट बदल असलेल्या माणसाला या गटाचा एखादाच डोसही बहिरा करू शकतो. मँचेस्टरमध्ये नवजात बाळाच्या गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर हा बदल २६ मिनिटांत ओळखणारी चाचणी प्रत्यक्ष वापरून पाहिली गेली आणि तिचे निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या आवाजाचा परिणामही समजला जात होता त्याहून गंभीर आहे. उंदरांवरील २००९च्या प्रयोगांत, श्रवणचाचणी पूर्ववत झाल्यानंतरही केशपेशी आणि तंतू यांच्यातील जोडण्या कायमच्या तुटलेल्या आढळल्या. मिरवणुकीतील ‘डॉल्बी’च्या भिंतीशेजारी तासन्‌तास नाचल्यावर दुसऱ्या दिवशी कान मोकळा झाला म्हणजे काही बिघडले नाही, ही समजूत म्हणूनच फोल आहे.

बाळाचा बहिरेपणा लवकर ओळखणे तांत्रिकदृष्ट्या आता सोपे आहे. निरोगी कर्णावर्त स्वतःही क्षीण आवाज बाहेर टाकते, हे लंडनमध्ये डेव्हिड केंप यांनी १९७८ साली दाखवले आणि तो आवाज टिपणारी ओएई चाचणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते. शंका आल्यास मेंदूच्या देठापर्यंतचा प्रतिसाद मोजणारी ‘बेरा’ चाचणी केली जाते. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, हा क्रम जगभर मान्य आहे. महाराष्ट्रातील पालघर येथून फेब्रुवारी २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे आणि दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या अडिप योजनेतून २०१४पासून गरीब कुटुंबांतील मुलांना इम्प्लांट मिळते, ज्याचे नियोजन वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आहे. या योजनांनी हजारो घरांत बदल घडवला आहे, परंतु ‘वडीलही उशिराच बोलू लागले होते’ असे म्हणून दोन-तीन वर्षे जाऊ दिलेले मूल योजनेच्या दाराशी पोहोचते तेव्हा शर्मा यांनी दाखवलेली मुदत संपत आलेली असते. त्यानंतरची अडचण बाहेरच्या भागाची आहे. तो काही वर्षांनी बदलावा लागतो, त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो, बाजार ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे, आणि संरक्षण संशोधन संस्थेच्या विशाखापट्टणम येथील नौदल प्रयोगशाळेने हाती घेतलेले देशी यंत्र अजून त्यांना पर्याय ठरलेले नाही. यंत्र फुकट देऊन वायर, बॅटरी आणि वाचा-उपचार यांचा भार मजुरी करणाऱ्या पालकांवर टाकणारी योजना अपुरीच म्हटली पाहिजे.

सांकेतिक भाषेचा प्रश्न याच चर्चेचा भाग आहे. अमेरिकेतील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१मध्ये मुलांच्या इम्प्लांटला विरोध केला, पण २०००मध्ये भूमिका मवाळ केली. त्यांचा मूळ आक्षेप, म्हणजे बोली भाषा येईलच या आशेवर मुलाला सर्व भाषांपासून वंचित ठेवू नये, आजही विचारात घेण्यासारखा आहे. खुणांमुळे मूल बोलायला आळशी होते, हे मत अनेक केंद्रांत अजून ऐकू येते, पण त्याला पक्का पुरावा नाही, आणि ज्या मुलाचे यंत्र उशिरा बसले किंवा निकामी ठरले त्याच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा हाच विचार करण्याचा आधार असतो. दिल्लीत २०१५ साली या भाषेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्याने शिक्षक आणि साहित्य यांची उणीव काहीशी भरून निघू लागली आहे.

यापुढच्या संशोधनाच्या तीन दिशा दिसतात. ग्योटिंगेन येथील टोबियास मोझर यांचा गट विजेऐवजी प्रकाशाने तंतू चेतवण्याचे प्रयोग प्राण्यांवर करत आहे. प्रकाशाचा झोत विजेपेक्षा नेमक्या जागी टाकता येत असल्याने वाटांची संख्या वाढून गोंगाट व संगीत या दोन्ही अडचणी सुटू शकतील, मात्र त्यासाठी तंतूंत आधी प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक घालावे लागते. केशपेशी पुन्हा उगवण्याचा मार्ग अधिक खडतर ठरला असून, त्यासाठी अमेरिकेत विकसित होत असलेले सर्वांत चर्चेतले औषध २०२३मध्ये मोठ्या चाचणीत अपयशी ठरले. खरे यश मिळाले ते जनुकोपचारात. ओटोफर्लिन या प्रथिनाच्या अभावी केशपेशी शाबूत असूनही त्यांचा संदेश तंतूकडे जात नाही. त्याचे जनुक एका विषाणुवाहकात मावत नसल्याने ते दोन तुकड्यांत पोहोचवून पेशीत जोडले जाते, आणि शांघायच्या फुदान विद्यापीठातील यिलाइ शू यांच्या गटाने २०२४च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. दोन्ही कानांवर उपचार केलेल्या पाच मुलांचे निष्कर्ष त्याच वर्षी आले आणि त्यांना आवाजाची दिशाही कळू लागल्याचे दिसले.

ओटोफर्लिनचा दोष जन्मजात बहिरेपणाच्या थोड्याच रुग्णांत असतो. कनेक्सिन २६चा उपचार अधिक कठीण आहे, कारण तेथे वेगळ्या पेशींत, आणि बहुधा फार लवकर, बदल घडवावा लागतो. ज्या बाळाची बेरा सपाट आली आहे त्याच्या पालकांना या बातम्यांमुळे थांबावेसे वाटते, आणि ओटोफर्लिनचा दोष सिद्ध झाला असेल व उपचाराची चाचणी हाताशी असेल तर तो विचार रास्तही आहे. इतर सर्व कारणांत मात्र थांबण्याची किंमत मेंदूच्या श्रवणकेंद्राला मोजावी लागते, आणि कोणते कारण आहे हे जनुकचाचणीशिवाय कळत नाही. ती चाचणी आपल्याकडे इम्प्लांटपूर्व तपासण्यांत अद्याप सरसकट होत नाही. बेरा आणि एमआरआयच्या जोडीला, त्याच महिन्यांत ती व्हायला हवी.